मागच्या जिन्याचं कुलूप काढायचं, पण शाळा उघडी टाकायची नाही

आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तळमजला अधिक तीन मजले अशी इमारत, साडेआठशेच्या आसपास मुलं, दोन जिने. पुढचा जिना दिवसभर उघडा. मागच्या जिन्याच्या तोंडाशी सरकती लोखंडी जाळी, तिला कुलूप, किल्ली शिपाईमामांकडे. कुलपाचं कारणही तुम्ही आडपडदा न ठेवता दिलंय: मधल्या सुट्टीत मुलं तिथून पळतात आणि मागच्या गल्लीतून बाहेरचे लोक आत शिरतात. आता अग्निसुरक्षा तपासणी करणाऱ्या संस्थेनं 'कुलूप काढा' असं लेखी दिलंय. त्याच सुमारास पालक-शिक्षक संघानं उलट मागणी केलीय, की कोणी हल्लेखोर आलाच तर म्हणून प्रत्येक वर्गाला आतून भक्कम अडसर बसवा. तुम्ही विचारताय की नियम नेमका काय, आणि किल्ली काचेच्या पेटीत जाळीशेजारी लावून ठेवली तर भागेल का.

पेटीचं उत्तर लगेच देऊन टाकतो: भागणार नाही. बाकीचं जरा विस्तारानं लिहावं लागेल, कारण तुमच्याकडे दोन वेगळे प्रश्न एकाच कुलपाला लटकलेत. बाहेरच्याला आत येऊ न देणं हा एक, आतल्याला बाहेर जाऊ न देणं हा दुसरा. पहिला रास्त आहे, त्यासाठी कुलूप खुशाल वापरा. दुसरा शिस्तीचा प्रश्न आहे आणि शाळा भरलेली असताना त्यासाठी कुलूप वापरता येत नाही, मग कारण कितीही खरं असो. साधं कडी-कुलूप दोन्ही बाजूंना सारखंच अडवतं, म्हणून आपल्याला वाटतं की एकतर बंद ठेवा नाहीतर सताड उघडं टाका. पण बाहेरून अडवणारं आणि आतून नुसत्या धक्क्यानं सुटणारं हार्डवेअर शंभराहून जास्त वर्षं बाजारात आहे.

नियम कुठे कुठे आहेत ते सांगतो. शाळेच्या कुलपांचा असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, तीन-चार ठिकाणांहून जुळवावं लागतं. पाया म्हणजे राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग, आग आणि जीवितसुरक्षेचा. २००५ ची आवृत्ती आणि मग २०१६ ची सुधारित. बाहेर पडायच्या दाराची रुंदी किमान १ मीटर, उंची किमान २ मीटर. दार बाहेरच्या दिशेनं उघडावं आणि उघडल्यावर त्यानं जिन्याचा किंवा व्हरांड्याचा मार्ग अडवू नये. तुमच्या कामाचं कलम त्यापुढचं: ज्या बाजूच्या माणसांना त्या दारातून बाहेर पडायचंय, त्या बाजूनं ते किल्ली न वापरता उघडलं पाहिजे. किल्ली जवळ ठेवा, किल्लीवाला नेमा, असं तिथे काही नाही. किल्लीच नको, इतकं सरळ आहे.

त्याच संहितेत जिन्यांचंही आहे. मजल्याचं क्षेत्रफळ ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असलेल्या शैक्षणिक इमारतीला किमान दोन जिने लागतात, इमारत उंच नसली तरी. तुमचे दोन जिने बहुधा यामुळेच आले असतील. जाळीला कुलूप लागलं की मागचा जिना हिशेबातून गेला. नकाशावर दोन आणि प्रत्यक्षात एक, आणि तो एकही धुरानं भरला तर शून्य. तपासणी करणाऱ्यानं एका कुलपावर एवढा भर का दिला, याचं उत्तर हे आहे.

'संहिता म्हणजे नुसती शिफारस' असं काही संस्थाचालक मला ऐकवतात. महाराष्ट्रात हे चालत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ६ डिसेंबर २००८ पासून लागू आहे आणि त्यात जबाबदारी थेट मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर टाकलीय. दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून जो फॉर्म बी, म्हणजे अग्निसुरक्षेची साधनं चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो तो याच कायद्यातला. त्याशिवाय सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी आग लागली. गवताचं छप्पर, अरुंद जिना. ९४ मुलं गेली. त्यावरून दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात १३ एप्रिल २००९ रोजी न्यायालयानं सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरवला आणि शाळांनी इमारत संहितेतली अग्निसुरक्षा पाळावी असा आदेश दिला. सरकारी असो वा खासगी, अनुदानित असो वा विनाअनुदानित. तेव्हा तुम्हाला आलेला तो लेखी शेरा हलका घेऊ नका. कागद हातात पडल्यावर 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायची सोय उरत नाही.

किल्लीचा माणूस ठेवला तर का चालत नाही, हे संचालक मंडळाला पटवणं सगळ्यात अवघड जातं. पाहणीला गेलो की मी एक करतो. शिपाईमामांना काहीतरी निरोप देऊन पुढच्या फाटकाशी पाठवतो आणि मग पर्यवेक्षकांना म्हणतो, आता मागचा जिना उघडा. किल्ल्या असतात कार्यालयात. जुडग्यात पंधरा-वीस किल्ल्या, त्यांवरच्या चिठ्ठ्या कधीच पुसलेल्या. बरोबर किल्ली सापडली तरी कुलूप दोन पावसाळे खाल्लेलं, ते तेलाशिवाय फिरत नाही. हे सगळं दिवसाउजेडी, धूर नसताना, मागे ढकलणारी मुलं नसताना. यात शिपायाचा काही दोष नाही. तो चहा आणायला जाणार, बँकेत जाणार, रजेवर जाणार. त्याचं कामच तसं आहे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसं धुरानं गुदमरून गेली. तिथे बाल्कनीतला एका बाजूचा बाहेर पडायचा मार्ग जादा खुर्च्या बसवून बुजवला होता, आणि दाराला कडी घालून राखणदार निघून गेला होता हेही खटल्यात पुढे आलं. दार उघडणं एका ठरावीक माणसाच्या हजेरीवर अवलंबून ठेवलं की असं होतं.

आता जाळीबद्दल, कारण कुलूप काढलं तरी तुमचं काम अर्धंच होतं. सरकती जाळी ही बाहेर पडायचं दार म्हणून मुळातच वाईट. ती बाजूला सरकवावी लागते. गर्दी मात्र तिला पुढे रेटते. रेटा वाढला की पट्ट्या रुळावर तिरक्या होऊन अडकतात, आणि सरकवायला जी थोडी मोकळीक लागते ती गर्दी देतच नाही. आतल्या बाजूला उघडणाऱ्या दाराचंही हेच. इंग्लंडमध्ये सुंदरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये १६ जून १८८३ रोजी मुलांसाठी जादूचे प्रयोग होते. शेवटी बक्षिसं वाटणार असं जाहीर झालं आणि गॅलरीतली मुलं जिन्यानं खाली धावली. खालचं दार आतल्या बाजूला उघडणारं, त्यात बोल्ट अशा बेतानं घातलेला की एका वेळी एकच मूल फटीतून जावं. १८३ मुलं चेंगरून गेली. आग नव्हती, धूर नव्हता. तिकिटं नीट तपासता यावीत एवढ्यासाठी दार किलकिलं ठेवलं होतं, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. त्याच सुंदरलंडच्या रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यानं १८९२ मध्ये धक्क्यानं उघडणाऱ्या बोल्टचं पेटंट घेतलं. आज आपण ज्याला पॅनिक बार किंवा पुश बार म्हणतो, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूची आडवी दांडी, जी दाबली की कडी सुटते, तो त्याच घराण्यातला.

तुमच्या जिन्याला मी हेच सुचवेन. सरकती जाळी काढून तिच्या जागी बिजागरीवर बाहेर उघडणारं दार, त्यावर आतून पॅनिक बार, बाहेरच्या बाजूला फक्त किल्लीचं सिलिंडर किंवा तेही नाही. आतून मुलानं अंगानं दाबलं तरी उघडतं, बाहेरून गल्लीतल्या माणसाला धरायला मूठसुद्धा नाही. दार ओढून घेतलं की आपोआप बंद, म्हणजे कुलूप लावायची आठवण ठेवायला नको.

बसवताना जिथे काम बिघडतं त्या जागा सांगतो, कारण विक्रेता सांगणार नाही.

लोखंडी गजांच्या दारावर पॅनिक बार लावला तर बाहेरचा माणूस गजांतून हात घालून तो दाबतो. म्हणून बारच्या वर-खाली हातभर उंचीपर्यंत भोकाचा पत्रा किंवा बारीक जाळी वेल्ड करून घ्यावी. उजेड-वारा राहतो, हात जात नाही. दारात आणि चौकटीत फट राहिली तर तारेचा आकडा घालूनही बार ओढता येतो, तीही पट्टी लावून बुजवावी. दोन पल्ल्यांचं दार असेल तर हमखास होणारी गोष्ट म्हणजे एका पल्ल्याला वर-खाली टॉवर बोल्ट मारून तो कायमचा बंद ठेवणं. मग दीड मीटरच्या दारातून प्रत्यक्षात पाऊण मीटर उरतं. दोन्ही पल्ले दाबून सुटले पाहिजेत. उभ्या दांड्यांचा बार घेत असाल तर शक्यतो फक्त वरच अडकणारा घ्या. खालच्या दांडीचं जमिनीतलं भोक शाळेत आठवड्याभरात माती, खडू आणि चॉकलेटच्या कागदांनी भरतं. कोकणपट्टीत किंवा खाडीजवळ असाल तर स्टेनलेस स्टील, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यानंतर स्प्रिंग परत येत नाही. लाकडी दार असेल तर आषाढात फुगून चौकटीत बसतं. सुतार घासून देतो, पण घासायला बोलवायचं कोणी, हे ठरलेलं असावं.

बारची उंची साधारण ९०० मिलिमीटर ते १ मीटर ठेवतात. तुमच्याकडे बालवाडी त्याच जिन्यानं उतरत असेल तर सगळ्यात लहान मुलीला बोलवा आणि न शिकवता दार उघडायला सांगा. तिला जमलं नाही तर बार खाली घ्या किंवा हलका घ्या. हे मी प्रत्येक शाळेत करून घेतो.

मुलं पळतात त्याचं काय? पळणारच, दार आतून उघडतंय म्हटल्यावर अधिकच. त्यावर उपाय आवाजाचा. बारमध्येच बॅटरीवर चालणारा भोंगा असलेले प्रकार मिळतात: दार दाबलं की उघडतं, पण कर्कश वाजतं, आणि तो भोंगा फक्त किल्लीनं बंद होतो. इथे किल्ली चालते, कारण ती आवाजाची आहे, दाराची नाही. पहिल्या आठवड्यात गंमत म्हणून रोज वाजेल. मग दोघा-तिघांना पालकांसह बोलावणं धाडलं जातं आणि थंडावतं. त्या दाराकडे तोंड करून एक कॅमेरा लावा. बहुतेक शाळांत कॅमेरे आता आहेतच, फक्त ते पुढच्या फाटकाकडे आणि मुख्याध्यापकांच्या दालनाकडे बघत असतात.

आणि बाहेरचे लोक अडवायची खरी जागा कुंपण आहे, जिना नव्हे. इथे तुमच्या जागेची माहिती मला नाही आणि उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. जिना आणि गल्ली यांच्यामध्ये शाळेचं मोकळं आवार असेल, तर आवाराची भिंत आणि तिचं फाटक मजबूत करा. मुलं इमारतीतून बाहेर पडून आवारात थांबू शकतात, मात्र ते आवार सगळ्यांना पुरेल एवढं आणि इमारतीपासून पुरेसं लांब हवं, नाहीतर त्या फाटकालाही हाच नियम लागतो. जिना थेट गल्लीत उघडत असेल तर दारच कुंपण झालं आणि पॅनिक बारला पर्याय नाही. जुन्नर-आंबेगावकडच्या शाळांत मला विचारतात की बिबट्या फिरतो, दार उघडं कसं ठेवू? उघडं ठेवायला कोणीच सांगत नाही. बंदच ठेवा, फक्त आतून सुटणारं ठेवा.

इथवरचं म्हणणं एका ओळीत: आतून एका हालचालीत, किल्लीशिवाय, न शिकवता, अंधारात उघडणारं दार, बाहेरून हवं तेवढं बंद.

आता पालकांची मागणी. अमेरिकेत शाळांमध्ये गोळीबार होतात, त्याच्या चित्रफिती सगळ्यांच्या फोनवर येतात, आणि त्यात दाराखाली सरकवायचा लोखंडी खुंटा किंवा मुठीला अडकवायचा पट्टा दाखवलेला असतो. पालकांची भीती खोटी म्हणू नका. पेशावरच्या शाळेत १६ डिसेंबर २०१४ रोजी १३२ मुलं मारली गेली, त्यानंतर आपल्याकडेही शाळांच्या सुरक्षेचा विषय ऐरणीवर आला होता. पण ज्या देशातून हा खुंटा येतोय तिथले नियम काय म्हणतात ते पालकांना जरूर सांगा. अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत २०१२ मध्ये झालेल्या हत्याकांडानंतर नेमलेल्या आयोगानं २०१५ च्या अहवालात शिफारस केली ती वर्गाचं दार आतून कुलूपबंद करता यावं अशी, म्हणजे साध्या, चांगल्या कुलपाची. पुढे तिथल्या संहितांच्या २०१८ च्या आवृत्त्यांनी वर्गाच्या कुलपाला अटी घातल्या: आतून उघडताना किल्ली, हत्यार किंवा खास माहिती लागता कामा नये, आणि बाहेरून शाळेच्या माणसाला किल्लीनं उघडता आलं पाहिजे. खुंट्यासारखी बरीच साधनं या दुसऱ्या अटीवर आपटतात.

ती दुसरी अट का, हे आपल्याला अमेरिकेपेक्षाही जास्त लागू आहे. बाहेरून उघडता न येणारा अडसर रोज त्या वर्गात पडून असतो. तो हल्लेखोरच वापरू शकतो. दांडगट मुलं एखाद्याला कोंडायला वापरू शकतात. एखादा मोठा माणूस मुलाला आत घेऊन वापरू शकतो, आणि शाळेत हा धोका बंदूकधाऱ्यापेक्षा किती तरी अधिक संभवनीय आहे, हे मी पालकांच्या बैठकीत स्पष्ट बोलतो. टेक्सासमधल्या युवाल्डीत २४ मे २०२२ रोजी १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. तिथल्या एका वर्गाचं कुलूप नीट लागत नाही हे शाळेत माहीत होतं, तरी दुरुस्त झालं नव्हतं. शिवाय ते लावायला किल्ली घेऊन बाहेर व्हरांड्यात यावं लागायचं. आणि पोलीस तासाहून जास्त वेळ बाहेर थांबले, त्यात किल्ल्यांची शोधाशोधही झाली. म्हणजे कुलूप असूनही गरजेच्या वेळी आतून लागलं नाही, बाहेरून उघडायचं कसं हेही कोणाला धड ठाऊक नव्हतं. खुंट्यानं बाहेरून उघडायचा प्रश्न तर सुटला नसताच.

तुमच्या वर्गांना म्हणून मी काय लावेन? परवडत असेल तर ज्याला बाजारात क्लासरूम फंक्शन म्हणतात ते लॉक: बाहेरची मूठ किल्लीनं गोठवता येते, आतली मूठ मात्र कायम चालू. त्यात आतूनही बटणानं बाहेरची मूठ बंद करता येणारा प्रकार घ्या. एकच मास्टर किल्ली मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि शिपाई यांच्याकडे. परवडत नसेल तर रिम लॉक किंवा नाईट लॅच (दाराच्या आतल्या अंगावर बसवायचं, घराच्या दाराला असतं तसलं कुलूप) हाही चालतो, पण एक पाहून घ्या: अनेक नाईट लॅचना बाहेरून दुसरा फेरा दिला की आतली मूठसुद्धा बंद होते. घराला ते चांगलं, वर्गाला नाही. दुकानदाराला सांगा, 'डबल लॉकिंग नको', आणि घेण्याआधी दुकानातच बाहेरून दोन फेरे देऊन आतून उघडून बघा.

त्याहून आधी करण्यासारखं आणि जवळजवळ फुकटचं काम म्हणजे वर्गांच्या बाहेरच्या कड्या आणि अल्ड्रॉप (कुलूप अडकवायची सरकती जाड कडी) काढणं. आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक शाळेत वर्गाला बाहेरून अल्ड्रॉप असतो. मुलं मस्तीत तो लावून पळतात. शाळा सुटल्यावर आत न बघता तो लावला जातो आणि बाकावर झोपी गेलेलं मूल आतच राहतं. प्रयोगशाळेत तर तो बिलकुल नको. तिथे गॅस असतो, आणि तिथल्या दाराला मी आतूनसुद्धा कडी ठेवू देत नाही. बालवाडीच्या स्वच्छतागृहांना आतून लागणारी कडी बाहेरून नाण्यानं फिरवता येईल अशी घ्या; हा आगीचा विषय नाही, पण सुतार आलाच आहे तर उरकून घ्या.

विजेच्या कुलपांबद्दल थोडं, कारण बऱ्याच शाळा बोटाचा ठसा घेणारं यंत्र आणि चुंबकी कुलूप बसवतात. चुंबकी कुलूप वीज गेली की सुटतं, त्यामुळे ते सुरक्षित, असं विक्रेता सांगतो. मग तोच त्याला यूपीएस जोडून देतो, आणि वीज गेली तरी दार तासन् तास बंद राहतं. असं कुलूप लावायचंच असेल तर ते आगीच्या अलार्मच्या पॅनलला जोडलेलं हवं, अलार्म वाजताच सुटणारं. शिवाय दाराशेजारी हिरवी आपत्कालीन कळ हवी, जी दाबल्यावर कुलपाचा पुरवठा थेट तुटतो, मधल्या संगणकावर अवलंबून न राहता. तुमच्या आकाराच्या शाळेला मागच्या जिन्यावर असलं काही लावायची गरज मला दिसत नाही. जितके कमी तार, तितकं बरं.

रात्रीचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण येईलच. इमारत खरोखर रिकामी असेल तेव्हा साखळी-कुलूप लावायला हरकत नाही. अडचण सकाळची आहे. साखळी काढायची राहते आणि शाळा भरते. मी सांगतो तो बंदोबस्त असा: प्रत्येक साखळीला क्रमांक, कार्यालयात फळीवर त्याच क्रमांकाचे हुक, आणि सगळ्या साखळ्या फळीवर लटकल्याशिवाय पहिली घंटा द्यायची नाही. घंटा देणाराच फळी बघतो. आणि 'रिकामी' म्हणजे रिकामी. संध्याकाळी स्कॉलरशिपचे जादा वर्ग, रविवारी कराटे, वरच्या मजल्यावर राहणारं चौकीदाराचं कुटुंब, यांतलं काहीही असेल तर इमारत रिकामी नाही. निवडणुकीला किंवा बोर्डाच्या परीक्षेला केंद्र दिलं असेल तेव्हा बंदोबस्ताच्या नावाखाली मागचं दार बंद करायला सांगितलं जातं. तेव्हा केंद्रप्रमुखांशी आधीच बोला: प्रश्नपत्रिकांच्या खोलीला हवी तेवढी कुलपं लावा, जिन्याला नको.

तुमच्याकडे वसतिगृह नाही असं गृहीत धरलंय. असेल, किंवा संस्थेची आश्रमशाळा असेल, तर हे सगळं दुप्पट कडक समजा. मुलींच्या वसतिगृहाला रात्री बाहेरून कुलूप लावण्याची पद्धत मी बऱ्याच ठिकाणी पाहिलीय, आणि लावणाऱ्यांना वाटतं आपण मुलींची काळजी घेतोय. केनियात क्यांगुली इथल्या शाळेच्या वसतिगृहाला २६ मार्च २००१ च्या पहाटे आग लावली गेली; एक दार कुलूपबंद, खिडक्यांना गज. ६७ मुलगे गेले. अधीक्षिका आत झोपतात, किल्ली त्यांच्या उशाशी असते, हे उत्तर मला पुरत नाही.

जिथे परिस्थितीप्रमाणे सूट घेता येते तेही सांगायला हवं. वर्गांचे जुने पल्ले आत उघडत असतील तर ते सगळे एकदम फिरवा असं मी म्हणणार नाही. व्हरांडा अरुंद असेल तर बाहेर उघडलेला पल्लाच वाट अडवतो. तिथे पल्ला भिंतीला पूर्ण टेकेल अशा बिजागऱ्या लावता येतात का, हे जागेवर बघावं लागतं. सभागृह मात्र थांबू शकत नाही. जिथे दोन-तीनशे जण एकत्र बसतात तिथली दारं बाहेर उघडणारी आणि पॅनिक बारची हवीत, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्यांच्यापुढे ध्वनिक्षेपकांचे खांब नकोत. जिन्याला आगरोधक दार असेल तर त्याचा क्लोजर, म्हणजे दार आपोआप मिटवणारं यंत्र, चालू ठेवा. ते दार उघडं राहावं म्हणून त्याला अग्निशामक सिलिंडर टेकवून ठेवलेला मी इतक्या शाळांत पाहिलाय की आता हसूही येत नाही.

क्रम विचाराल तर: जाळीचं कुलूप उद्याच्या उद्या काढा आणि दार बदलेपर्यंत शाळेच्या वेळात जाळी पूर्ण सरकवून, मागे बांधून ठेवा. तिथे एक माणूस बसवा, म्हणजे बाहेरचे येणार नाहीत. तो माणूस दार उघडण्यासाठी नसून येणाऱ्यांना अडवण्यासाठी आहे, तो चहाला गेला तरी मुलं बाहेर पडू शकतात. मग याच आठवड्यात वर्गांचे अल्ड्रॉप. मग दाराचं काम दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत, आणि ते झाल्यावर तपासणी संस्थेला पुन्हा बोलावून शेरा लेखी बंद करून घ्या. खर्चाची चिंता करणाऱ्या सभासदांना सांगा की एका स्नेहसंमेलनाच्या मांडवात आणि रोषणाईत हे बसतं. कामाची निविदा काढण्याआधी महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाला एकदा आराखडा दाखवा. स्थानिक अधिकारी कधी रुंदीबद्दल, कधी दाराच्या दिशेबद्दल वेगळी अट घालतात आणि ती नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

नेमकं दार सुचवायला मला चार गोष्टी लागतील: जिन्याची मोकळी रुंदी, शेवटच्या पायरीपासून जाळीपर्यंतचं अंतर, जाळीबाहेर लगेच गल्ली आहे की शाळेची जागा, आणि बाहेरची पातळी आतल्यापेक्षा किती खाली आहे. शेवटची पायरी दारालाच भिडलेली असेल किंवा दाराबाहेर लगेच उतार असेल, तर दार पुढे घ्यावं लागेल आणि त्यासाठी लहानसं छपरीचं बांधकाम करावं लागेल. मोजमापं आणि आतून-बाहेरून दोन फोटो इथेच टाका, मग पल्ला एक की दोन ते सांगतो.